ढगांच्या मागनं

मला प्रवासी विमानाचा पायलट व्हायचं होतं, तुम्हाला खोटं वाटंल. दुष्काळात आमी बापलेक पाझर तलावाच्या कामावर माती उचलत होतो, तेवढ्यात वरनं विमान गेलं. म्या म्हणलं, "आप्पा, दोन वाटा हायत. फ्लाइंग क्लबात शिकायचं, न्हायतर आधी हवाई दलात जायचं."

आप्पांनी जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांनी टोपलं खाली ठेवलं. "वर ढगं लागत्यात का वाटंत?"

"लई लागत्यात."

"मग कुठंबी शीक. फकस्त विमान ढगांच्या मागनं घाल. म्होरनं गेलास तर बुजतील. हळूहळू हाकत इकडं आण."

दोन्ही वाटा राहूनच गेल्या. पण अजूनबी एखादं विमान ढगाला म्होरनं आडवं गेलं, की मी पुटपुटतो, "बुजवलं लेकानं."