मोजणारा

दवाखान्यात निवृत्त मास्तर पेपरात डोकं घालून बसले होते, पण कान शेजारच्या दोघी बहिणींकडे होते.

“ताई, या वयात प्लँक? पैलवान व्हायचंय का?”

“लेकाला उचलायचंय गं. त्याचे पाय गेल्यापासून अंघोळीला मीच नेते. कंबर टिकायला हवी ना!”

“किती वेळ धरतेस?”

“तोच मोजतो, पलंगावरून. मी कोपरांवर थरथरत असते आणि तो मोठ्यानं आकडे म्हणतो.”

“छानच की!”

“छान कसलं! मी लवकर कोसळले, की त्या दिवशी अर्धं ताट परत करतो. म्हणतो, ‘तुला मी जड होतो.’ हाडं दिसायला लागलीत गं त्याची.”

“मग त्याला मोजायला लावू नकोस.”

“तेवढं एकच तर काम उरलंय त्याला.”