नागम्मावहिनींच्या झाकणावरचा पाना

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की माझा घोडा भिंतीची सावली सोडंना. घरात लेकीला कळा सुरू झालेल्या, दवाखान्यात न्यायचं, आणि टांग्याचं चाक ढिलं. नट आवळायचा मोठा पाना सापडंना. सारी गल्ली विचारत फिरलो. शेवटी शेजारच्या नागम्मावहिनींनी दुधाच्या पातेल्यावरचं लोखंड उचलून पुढं केलं, "ह्यो चालंल का, भाऊजी?"

बघतो तर माझाच पाना! मांजर झाकण पाडतं म्हणून आमच्या मंडळींनीच दिलेला.

चाक आवळलं, लेक वेळेत पोचली, नातू झाला. वहिनींचे उपकार कसे फेडू? संध्याकाळी पेढे देऊन हात जोडले, तर म्हणाल्या, "पेढे ऱ्हाऊ द्या, पाना कुटं हाय? मांजर समदं दूध पिऊन गेलं की!"