आधी तू बघून ये

बाळ मांडीवर झोपलं होतं. इस्पितळात लसीसाठी आमचा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर एक मुलगी बसली होती. तिचा भाऊ डॉक्टरांना भेटून आला आणि तिच्याशेजारी टेकला.

"दादा, काय म्हणाले आईचं?"

"त्या मुखवटेवाल्याच्या सिनेमाचा पाचवा भाग आलाय, माहितेय?"

"मेला चौथ्यात जळून कोळसा झाला होता ना!"

"कोळसा झाला म्हणून निर्माता थांबतो होय? रक्त म्हणून तोच टोमॅटो सॉस. दिवे गेले की एकेकटे तळघरात उतरणारे तेच शहाणे."

"आईला दाखवू. ती पडद्याकडे बघून ओरडते, 'अगं बयो, मागे बघ!'"

"हं."

"पण नेहमीसारखा आधी तू बघून ये. कोण वाचतं ते कळल्याशिवाय मी बघायची नाही."

"माहितेय, भित्रे."

"आत्तासुद्धा म्हणूनच तुला आधी आत पाठवलं."

"हो गं."

"मग सांग ना. आई वाचतेय ना?"

"चप्पल घाल."

"दादा?"

"ऊठ, छकुले. या वेळी दोघं मिळून आत आईजवळ जाऊ. मला एकट्याला नाही बघवत."