विन्स्टनचं मराठी

दादा गेल्यावर विन्स्टनला कळवायचं काम माझ्यावर आलं, ते ऐका. कॅनडात ग्वेल्फच्या कारखान्यात दोघं एकाच मशीनवर असायचे. विन्स्टन कॅरिबियनमधल्या एवढ्याशा बेटाचा. त्याच्या देशाचा फुटबॉल संघ जन्मापासून हरतच आलेला. प्रत्येक मॅचनंतर दादा मराठीतच ओरडायचा, "गेला तुझा संघ, गेला!" विन्स्टनला मराठीतला तेवढाच शब्द पाठ. तोही माझ्या भावाला दादाच म्हणायचा.

मी फोन लावला, तर इंग्रजी सुचेचना. रडत म्हणालो, "विन्स्टन, दादा गेला."

"गेला? किती गोलांनी?"

काय झालं कोण जाणे, तोंडातून इंग्रजीत निघालं, "एक-शून्य."

"फक्त एक? आमच्या अख्ख्या इतिहासात कुणी इतकं भारी खेळलं नाही! फोन दे त्याला, अभिनंदन करतो."