मूल कुणाच्या हाती द्यायचं?

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय शशिकांतजी. उत्तनहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या ऑड्रेबाई. सत्कारमूर्ती मृणालिनीताई आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेले त्यांचे यजमान दत्तारामकाका. शांती नगरमधले सगळे आईबाबा, आजीआजोबा, आणि ताईंनी थोपटून झोपवलेली, आता मिसरूड फुटलेली मुलं... सर्वांना माझा नमस्कार. मी ममता. माझी मुलगी सुरुची ताईंच्या पाळणाघरात वाढली. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून ताई आता पाळणाघर बंद करतायत. या प्रसंगी मला बोलू दिलंत, मी आपली ऋणी आहे.

सुरुची तान्ही असताना मी मीरा रोडपासून उत्तनपर्यंतची पाळणाघरं पालथी घातली होती. किती तऱ्हेची माणसं हे काम करतात! कुणी ताईंसारखी घरातली एक खोली मोकळी करतात. सिल्व्हर पार्कमध्ये एक कंपनीचं होतं. रंगीत भिंती, गणवेशातल्या बाया, आणि काही विचारलं की "मॅडम, रूल है" असं गोड उत्तर. ऑड्रेबाईंचं उत्तनच्या कोळीवाड्यातलं, संस्थेचं; मुलांच्या आया मासळी विकायला गेल्या की बाळं यांच्याकडे. मघाशी चहा घेताना मी त्यांना विचारलं, यातलं चांगलं कुठलं हो? त्या म्हणाल्या, "बाय, खायाला घालनं, निजवनं कुनीबी करतं. सांजेला पोर कुनाच्या हाती देतो, ती खरी जबाबदारी हाय."

त्याच जबाबदारीचं सांगते. अध्यक्षमहोदय, गोष्ट घरातली आहे, पण आज सांगायलाच हवी.

पाच वर्षांपूर्वी माझे पती जितेंद्र आणि मी वेगळे राहत होतो. मुलगी कुणाकडे, हा वाद कोर्टात होता. सुरुचीला न्यायला मीच येईन, असं मी ताईंना बजावून ठेवलं होतं. एका दुपारी जितेंद्र आपल्या मोठ्या भावाला घेऊन पाळणाघरात आले. रिक्षा खाली थांबवलेली.

"माझी मुलगी द्या," ते म्हणाले.

ताई दारात उभ्या राहिल्या. "आज नाही देता येणार."

"मी बाप आहे तिचा!"

"आहातच. पण ममताने तिला माझ्यावर सोपवलंय. ती आल्याशिवाय मी कुणाच्याच हाती देणार नाही."

जिन्यात माणसं जमली. एक शेजारी म्हणाले, "अरे भाभी, बाप को उसकी बच्ची नहीं दोगे? पाप लगेगा." तेवढ्यात भावाने लोखंडी जाळीचं दार जोरात ढकललं. ताईंचं मनगट मध्ये सापडलं आणि मोडलं. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही; आत मुलं झोपली होती. तो लोंबता हात बघून जितेंद्र मटकन पायरीवर बसले आणि रडायला लागले. "किती दिवस झाले हो ताई, पोरीला बघितलं नाही."

आता सांगा, तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दत्तारामकाकांनी मला ऑफिसात फोन केला, तेव्हा मी ओरडत होते, "दार लावून घ्या, पोलिसांना बोलवा!" ताईंनी भावाला खाली पाठवलं. जितेंद्रना आत घेतलं, आतून कुलूप घातलं, किल्ली काकांकडे दिली. मग सुरुचीला उठवून म्हणाल्या, "चल, बाबा आलेत."

मी बोरिवलीहून धापा टाकत पोचले, तर ती त्यांच्या मांडीवर बसून वरणभात खातेय, ते भरवतायत. माझा संताप झाला. "ताई, यांना आत कशाला घेतलंत?"

जुन्या साडीच्या पट्टीने हात गळ्यात बांधलेल्या ताई म्हणाल्या, "तुझा शब्द मी मोडला नाही, ममता. ती तुझ्याबरोबरच घरी जाईल. पण माझ्याकडे आहे तोवर तिच्या मनाचंही मला बघायला नको? बापाला हाकललेलं तिने का बघावं?"

मी खाली बसले.

पुढे आम्ही दोघांनी ठरवलं, वकिलांनीही मान्य केलं, की शनिवारी दुपारी जितेंद्र मुलीला ताईंच्या घरी भेटतील. ते येत राहिले. तिची वेणी घालायला शिकले, तिला खाली आवारात सायकल शिकवली. आमचा संसार काही जुळला नाही. पण एकमेकांशी बोलताना धार राहिली नाही.

दोन वर्षांनी काविळीचं निमित्त झालं, आणि जितेंद्र गेले.

सुरुचीला बाबा आठवतात. आठवतात ते ताईंच्या घरातले. त्या दुपारी ताईंनी मुलगी देऊन टाकली असती तर कदाचित मी तिला गमावलं असतं. आणि माझं ऐकून दार लावलं असतं, तर तिच्याकडे बापाची एवढीही आठवण नसती.

अध्यक्षमहोदयांचे, ऑड्रेबाईंचे, इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. घरातलं चारचौघांत बोलले. कुणाला खटकलं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या.

ताई, सुरुचीने भाषण पाठ केलं होतं. आता नाही जमणार म्हणते. तिला फक्त तुमच्या पाया पडायचंय.

ये गं, वर ये.