दात बापाचे, जबडा आईचा

— तो ब्रेक झाला, काका. क्लच डावीकडचा. हं, आता सोडा, हळू, अगदी हळू — पडली ना बंद? असू दे. मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, रस्ता काय त्याच्या बापाचा नाही. फिरवा चावी पुन्हा. आणि घाबरू नका, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे, तुम्हाला मरू देणार नाही मी, निम्मी फी यायचीय अजून. हं, निघाली. बघा, नवऱ्यापेक्षा गाडी बरी — चुकलं की गप बंद पडते, वाद घालत नाही.

नवरा काय करतो? होता तेव्हा फ्रिज दुरुस्त करायचा, आताही करतो, फक्त आता तो आमचा माजी आहे — मंत्री असतात ना माजी, तसा. माजी मंत्र्याला पेन्शन तरी मिळते, आमच्या माजीला लेकीच्या दातांचा निम्मा खर्च मिळाला. उजवीकडे घ्या. आरसा बघा आधी. हो, मघाशीही इथूनच वळलो, माहितीय मला. वळण पक्कं होतं त्यानं.

तर लेकीचे दात. वरचा सुळा शेजारच्या दातावर असा चढलेला, की वाटावं जागा मिळाली नाही म्हणून कुणाच्या मांडीवर बसलाय. तारा लावायला लागणार, दाताच्या दवाखान्यात म्हणाले. खर्च ऐकून मी तिथूनच त्याला फोन लावला, म्हटलं, हा सुळा तुमच्या खानदानाचा, तुझ्या आईपासून सगळ्यांचा असाच, तेव्हा पैसे तू भर. तर म्हणतो कसा, दात आमचे असतील, पण जबडा तुझ्याकडचा, एवढासा. जीभ तेवढी लांब मिळाली तुम्हाला, म्हणे. — क्लच, काका, क्लच! — शेवटी गेलो दोघं डॉक्टरीणबाईंकडे, तुम्हीच सांगा दोष कुणाचा म्हणून. हसू नका, खरंच विचारलं आम्ही, पोरगी खुर्चीत आडवी, तोंडात दातांचा साचा घ्यायचा लगदा भरलेला, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, कधीकधी होतं असं, मोठे दात वडिलांचे, लहान जबडा आईचा, मग गर्दी होते. मी त्याच्याकडे बघितलं, म्हटलं, झालं समाधान? तेवढ्यात पोरीनं लगदा काढून घेतला, चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एका घरात मावला नाहीत, आणि ते सगळं माझ्या तोंडात कोंबलंत."

बस्. निम्मं-निम्मं ठरलं ते तिथंच.

पण म्हणून सुधारतोय थोडेच आम्ही? दर खेपेला तिथल्या बाकावर जुंपायचीच. त्याच्याकडे राहायला गेली असताना टॉफी खाल्ली, तार तुटली — तर ती तार निम्म्यात धरायची की त्याच्या एकट्याच्या खात्यात? मी म्हणायचे, त्याच्या. तो म्हणायचा, टॉफीची सवय कुणी लावली? काउंटरवरची मुलगी टीव्हीचा आवाज वाढवायची. मग एकदा पोरीनं बजावलं, पुढच्या वेळेपासून दोघांनीही यायचं नाही, पैसे माझ्याकडे द्या, मी जाईन एकटी. आणि गेली. आज तारा निघणारेत तिच्या, आजही एकटीच गेलीय. मी म्हटलं, जा बाई. मला काय, माझी गिऱ्हाइकं असतात.

इथं घ्या कडेला. इंडिकेटर. हां. राहू दे चालू इंजिन. इथं... पार्किंग शिकायचंय तुम्हाला. ती पलीकडे निळ्या काचांची इमारत आहे ना, तिथंच दवाखाना. नाही, मुद्दाम नाही आणलं. बरं, आणलं.

हसताना तोंडावर हात धरायची हो ती. घरात, शाळेत, फोटोतसुद्धा. दातांमुळे. मी सगळ्यांना तेच सांगत आले, दातांमुळे. पण परवा कपाट आवरताना जुने फोटो सापडले, आम्ही तिघं होतो तेव्हाचे — सुळा तोच, तस्साच चढलेला. आणि हात नाही. तोंड उघडून हसतेय नुसती... जाऊ दे. हँडब्रेक ओढा.

काका, त्या झाडामागे बघा जरा. स्कूटरवर, हेल्मेट घातलेला. ऊन नाही, गर्दी नाही, उभ्या गाडीवर हेल्मेट कोण घालून ठेवतं? तोच तो. लपलाय. ह्यालाही यायचं नाही असंच सांगितलेलं, आणि हा आलाय — लाज नाही माणसाला. आपलं वेगळं, आपण गाडी शिकतोय.

आली. आली बघा बाहेर. खाली वाका — अहो, तुम्ही कशाला वाकताय, तुम्हाला कुठं ओळखते ती? इकडे बघतेय. छतावर ड्रायव्हिंग स्कूलची ही भलीमोठी पाटी, अर्ध्या गावाला वाचता येईल अशी, मी वाकून काय होणार म्हणा. झाडाकडे निघाली. धरला त्याला. हेल्मेट काढायला लावलं. इकडेच आणतेय हो — एका हातानं बापाची बाही धरलीय, दुसऱ्या हातानं मला बाहेर बोलावतेय, आणि तोंड... चिडलीय का हो? नाही. नाही, चिडलेली नाही, हसतेय.

उतरा काका. हो, इथंच, बस थांबते कोपऱ्यावर. आजचा तास नाही धरणार मी. अहो उतरा ना लवकर — आणि दार हळू लावा.