एकच पान राहिलंय

डोळ्यांत थेंब घालून बसवलेल्या मास्तरीणबाईंना दवाखान्यातला सगळा उजेड दुधात कालवल्यासारखा दिसत होता. शेजारच्या बापलेकीचे आवाज तेवढे स्वच्छ येत होते.

"सरकारी वेबसाइटवर तू दिवसभर करतेस तरी काय?"

"आधी प्रत्येक पानावर पत्ता, फोन, अधिकाऱ्याचं नाव वेगळं टाइप केलेलं असायचं, बाबा. आता ते एकाच जागी ठेवायचं. तिथे बदललं, की सगळ्या पानांवर आपोआप बदलतं."

"म्हणजे टाकी एक, नळ अनेक."

"अगदी तसंच. जुनी पानं या नव्या पद्धतीत हलवत आणलीत. एकच राहिलंय."

"जन्मदाखल्याचं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तिथे अधिकारी म्हणून अजून तुझ्या आईचं नाव आहे. खाली तिचा मोबाइल."

"म्हणून तर हात लावायला धीर होत नाही."

"बाई, डोळे मिटूनच ठेवा हं," नर्स जाता जाता म्हणाली. बाईंनी ते केव्हाच मिटले होते.

"लाव गं हात. वर्ष होत आलं तिला जाऊन. लोक उगाच फोन करतात."

"आईचा फोन चालू आहे?"

"मी चार्ज करतो ना. कागद कुठले आणायचे विचारतात, मी सांगतो. जन्मभर जेवताना तेच ऐकलंय."

"बाबा…"

"काल एकीनं विचारलं, मॅडम आहेत का?"

"मग?"

"म्हटलं, आत्ता जागेवर नाहीत."